उसनं इंजिन

जऊळका, ता. वाशीम
१४ जुलै १९७२

प्रिय मित्र जगदेव यास,

तुमच्या रीतीने तुला ग्यानबाचा जयभीम. इकडे सर्व ठीक. तुळसावहिनी आणि बेबी दोघी मजेत आहेत, त्यांची काळजी करू नको. पाऊस मात्र अजून नाही. एकदा भुरभुर येऊन गेला, त्यावर कोणी पेरलं, कोणी थांबलं. मी थांबलो आहे.

तुझं पार्सल मिळालं. पोस्टमनने ते दारात टेकवलं आणि म्हणाला, 'गोटे भरून पाठवले का बाप्पा?' भागिरथा आतून म्हणाली, 'जगदेवभाऊजीनं पाठवलं म्हंजे लोखंडच असन.' उघडलं तर कार्बोरेटरचा अख्खा संच, फॅनचा पट्टा, तेलाची सीलं. फौजेतून सुटून तू लागला त्या पहाडातल्या रस्त्याच्या खात्यात आपल्यासारख्याच लष्करी डॉज गाड्या अजून चालतात आणि त्यांचं सामान तिथल्या बाजारात मिळतं, हे वाचून मला तुझा हेवा वाटला. तू लिहिलं, 'हे माझ्या गाडीचं आहे, नीट ठेव.' नीट ठेवलं आहे.

तुझी गाडी चांगली आहे. दर रविवारी खालच्या वस्तीत जातो, तुझ्या टिनाच्या शेडमधली ताडपत्री काढतो आणि हँडल मारून इंजिन फिरवतो, म्हणजे आतलं काही धरून बसणार नाही. बेबी तोवर स्टिअरिंगला लोंबकळते. वहिनी चहा देते.

माझी गाडी गोठ्यात आहे. बैल बाहेर बाभळीखाली बांधतो, त्यावरून भागिरथेची रोज बोलणी खातो. लिलावातून त्या दोन्ही गाड्या बैल जुंपून आणल्या तो दिवस तुला आठवत असेलच. चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी तू उचलली आणि चांगल्या इंजिनाची गाडी तुझ्याकडे गेली. तिचा पत्रा सडलेला. माझा पत्रा चांगला, इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. आपण हसलो होतो की दोन्ही मिळून एक पुरी गाडी होते.

एक विचारायचं होतं. तुझ्या गाडीचा डायनमो काही दिवस माझ्या गाडीला लावून पाहिला तर चालेल का? माझा जळाला आहे. विचारतो म्हणजे काढला आहे. तुझी गाडी तशीही उभीच आहे. तू येण्याआधी परत लावीन.

तुझा,
ग्यानबा


जऊळका
३ सप्टेंबर १९७२

प्रिय जगदेव,

तुझं उत्तर मिळालं. डायनमो घे म्हणाला, बरं वाटलं. पुढे लिहिलं की फौजेत एका गाडीचं सामान दुसरीला लावायला लागले की शेवटी दोन्ही गाड्या मरतात, म्हणून जिथलं तिथे लावत जा. रागावून लिहिलं की सहज, ते अक्षरावरून कळलं नाही. मी सहजच समजलो.

इकडे हाल आहेत. ज्यांनी पेरलं त्यांचंही गेलं आणि थांबलेले थांबूनच राहिले. विहिरींना तळ दिसतो. नदीकडच्या बाजूला नाल्यात एक डोह आहे ना, जिथे तू मला उसन्या जीपवर रेतीतून गाडी काढायला शिकवलं होतं, तिथे तेवढं पाणी आहे. पण बैलगाडी रेतीत रुतते. बायका डोक्यावर आणतात. भागिरथा पहाटे जाते ती ऊन चढल्यावर येते.

म्हणून माझ्या मनात येतं की डॉज चालू झाली तर? चारही चाकं ओढणारी गाडी दुसरी कोणाजवळ आहे या भागात? पिंपं भरून आणता येतील.

गिअरबॉक्स खोलला होता. एक दाता गेलेला आहे. कसं करायचं ते पाहतो.

तू पाठवलेला कार्बोरेटरचा संच मापाला बसतो की नाही ते बघायला माझ्या कार्बोरेटरला लावला. बसला.

तुझी गाडी बरी आहे. ताडपत्री मी आता चारी बाजूंनी तारेने आवळून टाकली, म्हणजे धूळ आत जाणार नाही. बेबीलाही सांगितलं की आत शिरायचं नाही, विंचू असतात. ती रडली थोडी. लेकरू आहे.

तुझा,
ग्यानबा


जऊळका
२६ नोव्हेंबर १९७२

प्रिय जगदेव,

गाडी चालू झाली.

दुसरं काही लिहिण्याआधी हे लिहितो. मंगळवारी सकाळी हँडल मारत होतो. नुसती खोकायची आणि थांबायची. खांदा भरून आला. भागिरथा म्हणाली, 'आता पुरे करा, हात उखडन.' मी चोक थोडा कमी केला आणि पुन्हा मारलं, तर गोठ्याचे टिन थरथरले, बैल दावं तोडायला लागले आणि सगळीकडे निळा धूर. भागिरथा तोंडाला पदर लावून बाहेर पळाली आणि बाहेर उभी राहून हसली. मी खाली बसलो. जगदेव, मला रडू आलं. मग ती चालवत नाल्यावर नेली. पुढची चाकं जोडून रेतीत घातली, तर वर चढून बसली. तू शिकवलं तसंच केलं. रेतीत ब्रेक नाही, गिअर बदलायचा नाही, स्टिअरिंगशी भांडायचं नाही.

ब्लॉकचं विचारशील, तर वेल्डिंग करून घेतला. अकोल्याहून. चांगलं झालं काम.

आपल्या गावचे दौलतराव पाटील पेट्रोल द्यायला तयार आहेत. गावाला पाणी पाजायचं म्हणतात. त्यांची पिंपं, त्यांचं पेट्रोल, गाडी माझी. त्यांचे दोन गडी मदतीला येतात. माझ्या गाडीला गावात कोणी पहिल्यांदाच गाडी म्हणालं, नाहीतर भंगारच म्हणायचे.

तू असता तर बरं झालं असतं. बरंच काही लिहायचं आहे, पण आज नको. हात दुखतो आहे.

तुझा,
ग्यानबा


जऊळका
११ जानेवारी १९७३

प्रिय जगदेव,

तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ. तडकलेला ब्लॉक असा वेल्ड होऊन चालत नाही, खरं लिही.

खरं लिहितो. ते तुझं इंजिन आहे.

गिअरबॉक्सही तुझा आहे. दाता गेलेला माझा होता, तो तुझ्या शेडमध्ये ठेवला आहे. पुढचा अॅक्सलही तुझा. माझ्यातून तेल गळायचं. हे सगळं एकदम केलं नाही. डायनमो नेला, तो बसला. मग वाटलं की एवढं झालं तर हेही पाहावं. प्रत्येक वेळी हा शेवटचा म्हणून नेलं. गिअरबॉक्स काढला त्या दिवशी ताडपत्री तारेने बांधली. विंचू वगैरे काही नव्हते.

इंजिन नेलं ते दिवाळी झाल्यावर. त्याला माणसं लागतात, म्हणून दौलतरावांचे दोन्ही गडी घेऊन गेलो. तीन बल्ल्यांची तिकटी उभी केली आणि साखळी लावली. वहिनी अंगणात ज्वारी निवडत होती. मी म्हणालो, 'वयनी, इंजिन नेतो.'

'कोनतं इंजिन, भाऊ?'

'गाडीचं. जगदेवसंग बोलनं झालं हाये. थो म्हने, उभं राहून जंगून जाईन, तुह्या गाडीत चालतं ठेव.'

'त्यायनं सांगतलं?'

'हाव.'

'मंग न्या. त्यायनं सांगतलं त मले कायले इचारता?'

ती पुन्हा निवडायला बसली. आम्ही इंजिन बैलगाडीवर चढवून आणलं.

पाणी आणायला म्हणून केलं असं मी भागिरथेला सांगितलं, दौलतरावांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पाणी आणतो आहे हे खोटं नाही. पण डोहाचं पाणी माझ्या मनात नंतर आलं. डायनमो काढला तेव्हा पाऊस येईल असंच सगळ्यांना वाटत होतं. मला ती गाडी चालू झालेली ऐकायची होती. तुझ्या आधी. हे लिहायला मला महिना लागला.

आता बाकी काही लपवलेलं नाही. तू शिव्या दे, पण लिही.

ग्यानबा


जऊळका
२० मार्च १९७३

जगदेव,

तुझं उत्तर आलं नाही. मधे एक कार्ड टाकलं, त्याचंही नाही. वहिनीला तुझी पत्रं येतात, बेबी वाचून दाखवते, हे पोस्टमन सांगतो. म्हणजे तू बरा आहे.

बाकी काही लपवलेलं नाही असं मागे लिहिलं होतं. ते खोटं होतं.

पाण्याची फेरी कशी होते ते आधी सांगतो. डोहावर पिंपं भरतो आणि गावात येतो. दौलतरावांचा गडी मागे पिंपांजवळ बसतो आणि कुठे थांबायचं ते तो ठरवतो. आधी दौलतरावांचं घर, मग त्यांचे भाऊबंद, मग देवळाची गल्ली, मग आम्ही. खालच्या वस्तीत पोचेपर्यंत पिंपं वाजायला लागलेली असतात. कधी तळाशी घागर दोन घागर, कधी तेही नाही. मी तिथल्या बायकांना म्हणायचो, 'उद्या पयले इकडे आनतो.' हे मी बरेच दिवस म्हणत राहिलो.

मागच्या आठवड्यात तुळसावहिनी घागर घेऊन रस्त्याच्या मधे उभी राहिली. मी गाडी थांबवली, इंजिन चालूच होतं. ती जवळ आली आणि खालून म्हणाली, 'ग्यानबाभाऊ, हे पानी कोनाचं हाये?'

'डोहातलं हाये वयनी. साऱ्यायचं.'

'आन इंजन?'

मागून गडी ओरडला, 'बाजूले व्हय ना बाई, अजून एक खेप कराची हाये.'

तिने माझ्याकडेच पाहिलं, त्याच्याकडे नाही. मी हॉर्न वाजवला नाही. पण गाडी बंदही केली नाही. ती बाजूला झाली आणि मी गाडी पुढे घेतली. तुझ्या इंजिनाचा आवाज मी तिच्या तोंडावरून घेऊन आलो.

आता जे लपवलं ते. इंजिन काढलं त्या दिवशी वहिनीने चहा केला होता. आम्ही घामाने भिजलो होतो. तिने कपबशा धुऊन तिघांसाठी आणल्या आणि खाटेवर ठेवल्या. दौलतरावांच्या गड्यांनी कपांकडे पाहिलं आणि दोघं विडी ओढायला रस्त्यावर निघून गेले. ठीक, ते तसले आहेत. पण जाताना एकजण वळून पाहत होता की मी काय करतो. आणि मी म्हणालो, 'वयनी, आज नको. पोट बरं नाई.'

तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो, त्याचा हिशेब नाही. भागिरथेच्या बाळंतपणात तुळसावहिनी आमच्या घरी येऊन राहिली होती. त्या दिवशी पोट बरं होतं. दोन उपटसुंभ रस्त्यावरून बघत होते, एवढंच.

ती 'बरं' म्हणाली आणि आत गेली. कप तिथेच राहिले.

इंजिनाचं मी तुला लिहू शकलो. हे लिहायला जमत नव्हतं.

ग्यानबा


जऊळका
१५ एप्रिल १९७३

जगदेव,

तू मे महिन्यात येणार असं पोस्टमनकडून कळलं. त्याआधी इथे काय काय झालं ते तुला माहीत असावं.

चहाचं मी भागिरथेला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, 'तुमी तुळसाबाईच्या हातचं नाई म्हनलं?'

'हाव.'

'आन तिच्याच इंजनानं आनलेलं पानी मी चार महिन्यांपासून या घरात भरून राह्यली.'

हात धुवायलाही ती थांबली नाही. भरलेला हंडा उचलला आणि खालच्या वस्तीत गेली. वहिनीने पाणी आपल्या माठात ओतून घेतलं, हंडा विसळला आणि परत दिला म्हणे. भागिरथा आली आणि माझ्यासमोर रिकामा हंडा ठेवून चुलीपाशी बसली.

दुसऱ्या दिवशी मी दौलतरावांकडे गेलो. म्हटलं, 'मालक, उद्यापासून फेरी खालून सुरू करतो.'

ते पेपर वाचत होते. म्हणाले, 'गाडी तुही, पेट्रोल मायं. माया दारातूनच सुरू होईन.'

'गाडी माही नाई. निम्म्याच्या वर जगदेवची हाये.'

त्यांनी पेपर खाली केला. 'त्या खालच्या वस्तीतल्या जगदेवची?'

'हाव.'

'मंग बरंच झालं की. त्यायचं आपल्या कामी पडलं.'

रागाने नाही म्हणाले. शांतपणे म्हणाले आणि पुन्हा पेपर उचलला. जगदेव, त्यांना मी काय बोलणार होतो? मी तेच तर करत होतो. त्यांनी नुसतं तोंडाने म्हटलं.

मी म्हणालो, मग मला तुमचं पेट्रोल नको. ते बरं म्हणाले.

यात मोठेपणा काही नाही. गाडी बंद पडली आणि पाणी सगळ्यांचंच थांबलं. वस्तीला आधी घागर दोन घागर तरी मिळायचं, तेही गेलं. वरचे लोक मला शिव्या देतात, खालचे बोलत नाहीत. बायका पुन्हा नाल्यावर जातात. सरकारी टँकर येतो म्हणतात, एकदा आला होता.

मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर होती. म्हटलं, 'वयनी, इंजिन परत आनून बसवू काय?'

ती म्हणाली, 'नेतानी तुमी इचारलं नव्हतं, सांगतलं होतं.'

'म्हून आता इचारतो.'

ती उठून घागर आत ठेवून आली. मग म्हणाली, 'आना.'

तर आता उलटं काम चाललं आहे. माझ्या गाडीतून काढतो, तुझ्या गाडीत घालतो. तुझा चुलतभाऊ खेमा आणि वस्तीतले दोघं-तिघं साखळी ओढायला येतात. पाना मागितला तर देतात, पण बोलत नाहीत. भागिरथा रोज येते. काल ती खाली वाकून रेडिएटरचे बोल्ट धरून होती आणि वहिनी वरून नट देत होती. मी मधे पडलो नाही.

इंजिन बसलं. गिअरबॉक्स बसला. पुढचा अॅक्सलही. तुझ्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी दोन तुटलेले होते, त्यांच्या जागी माझ्या गाडीचे घातले. टायर माझे चांगले होते, ते चढवले. रेडिएटरही माझाच. पत्र्याचं जमलं नाही. दरवाजे माझे तुझ्या चौकटीत बसत नाहीत. सडका आहे तो तसाच आहे, नुसता रंग मारला आहे.

तुझ्याकडे कार्बोरेटर होता त्यापेक्षा आता चांगला आहे. तो संच तू पाठवला होता.

ग्यानबा


जऊळका
९ जून १९७३

जगदेव,

तू येऊन गेला. समोर होतो तेव्हा माझ्याकडून बोलणं झालं नाही, म्हणून आता लिहितो. यातलं बरंच तुझ्या डोळ्यासमोरच घडलं, तरी लिहितो.

तू आला त्या सकाळी मी तुझ्या शेडसमोर रस्त्यावर उभा होतो. तू सामान ओट्यावर ठेवलं आणि हात-पाय धुवायच्या आधी गाडीखाली शिरला. एकेक नट हाताने पाहिला. मला वाटलं, कुठेतरी सैल निघेल आणि तू बाहेर येऊन मला मारशील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तू बाहेर आला, हँडल मारलं आणि ती चालू झाली. तू बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिला. मग डिस्ट्रीब्यूटर किंचित फिरवला आणि आवाज साफ झाला. मला ते दोन महिने जमलं नव्हतं. तू मला पाहिलं आणि घरात गेला.

मग तू तहसीलीत जाऊन फौजेतून सुटल्याचे कागद दाखवले आणि दुष्काळाच्या कामातून पेट्रोल मंजूर करून आणलं. आम्ही वर्षभर इथे होतो, कोणाच्या डोक्यात ते आलं नाही. किंवा दौलतरावांचं मिळत होतं म्हणून आम्ही गेलो नाही.

तू पहिली फेरी खालून सुरू केली. आमच्या दारात थांबला तेव्हा भागिरथेला म्हणाला, 'वयनी, भांडं आना.' मी आत होतो. दौलतरावांच्या दारात तू शेवटी थांबला. पिंपात पाणी उरलं होतं. त्यांच्या घरची बाई बाहेर आली आणि भरून घेऊन गेली. दौलतराव आले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी तू गोठ्यात आला. माझी गाडी तशी विटांवर उभी होती. तू तिच्याभोवती फिरला आणि विचारलं, 'हिच्यात आता काय राह्यलं?'

'पत्रा. आन फुटकं इंजिन.'

'पत्रा चांगला हाये,' तू म्हणाला.

मी म्हणालो, 'जगदेव, थ्या दिवशी चहाचं मी...' तू हात वर केला. 'थे मले नको सांगू. माह्यासंग तुनं इंजनाचं केलं. चहाचं तिच्यासंग केलं. तिले सांग.'

बाहेर जाता जाता म्हणाला, 'गाडी तू चालव. खेमाले रेतीतून काढनं जमत नाई, थो पिंपं पलटवन. पन हँडल तुळसाजवळ राहीन. रोज मागाचं. देईन त चालवाची. नाई देईन त वापस याचं.'

तसंच चाललं आहे. रोज सकाळी तुझ्या ओट्याखाली उभा राहतो आणि म्हणतो, 'वयनी, हँडल द्या.' ती कधी लगेच देते. कधी बेबीची वेणी घालत असते, ती पुरी करते, मग देते. मी उभा असतो तोवर वस्तीतली माणसं येता-जाता पाहतात. पहिले काही दिवस मला मान वर करता आली नाही. आता करतो. एकदा तिने दिलं नाही. म्हणाली, 'आज नाई.' का ते सांगितलं नाही. मी परत आलो आणि त्या दिवशी खेमा बैलगाडी घेऊन गेला.

चहाचं सांगायला मला पुष्कळ दिवस लागले. एका सकाळी हँडल हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. म्हणालो, 'वयनी, थ्या दिवशी माह्यं पोट बरं होतं.'

'मले माहीत हाये.'

'मी चहा नाई म्हनलं थे...'

'फेकला नाई म्या थो चहा,' ती म्हणाली. 'साखर होती त्याच्यात. मी आन बेबी पेलो, तिन्ही कप.'

एवढं म्हणून ती आत गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. मी डोहावर गेलो आणि पिंपं भरेपर्यंत गाडीतच बसून राहिलो. तेव्हापासून मी तिला चहा मागितला नाही आणि तिने विचारला नाही. तसं असणंच बरोबर आहे.

माझ्या गाडीचं म्हणशील, तर तिला मी हात लावलेला नाही. बैल पुन्हा गोठ्यात बांधले, तिच्या बाजूला. भागिरथेने तिच्या मागच्या फळीवर शेणाच्या गोवऱ्या रचल्या आहेत.

तू मला लिहीत नाही. लिही असंही आता मी म्हणत नाही. पण काल सकाळी मी हँडल मागायला गेलो तेव्हा बेबी ओट्यावर बसून तुझं पत्र वाचून दाखवत होती. मला पाहून ती थांबली. वहिनीने आत जाऊन हँडल आणलं आणि माझ्या हातात देताना म्हणाली, 'त्यायनं लिहिलं हाये, टायर पाह्यले तवाच समजलं, मांगच्या चाकायत तुमी हवा कमी ठेवता. रेतीत चालते म्हने, पन सडकेवर टायर खाते. पाहून घ्या.'

मी विचारलं, 'मले लिहिलं?'

'तुमाले नाई. मले लिहिलं,' ती म्हणाली. 'तुमाले सांगाले लिहिलं.'

मागच्या डाव्या चाकात हवा खरंच कमी होती. भरून घेतली आणि मग पाण्याला गेलो.

ग्यानबा